अमूर्त चित्र काढते म्हणजे दिवसभर नेमकं काय करते

वाघूरकाठ, जळगाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. सांजोऱ्या खाऊन झाल्या, पितरांची घागर भरून झाली, पोरी झोक्यावर होत्या. मामींनी माझ्या मोबाइलवर नव्या चित्राचा फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "हाई काय शे वं माय?" मी म्हटलं, चित्र आहे मामी. "ते समजनं. पन तू दिनभर काय करस?"

पहिला प्रश्न मला वीस वर्षं विचारला जातोय. त्याला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नाही. दुसरा मात्र पहिल्यांदाच कुणीतरी विचारला आणि त्याचं उत्तर देता येतं. मामींना अर्धंमुर्धं सांगितलं, उरलेलं इथं लिहिते.

मी शाळेत चित्रकला शिकवते, दुपारची शाळा. त्यामुळे चित्राची वेळ पहाटेची. तशीही आपल्याकडे मार्च ते जून दुसरी वेळ नाहीच. खोली गच्चीवर आहे, वर पत्रा. सकाळी नऊनंतर तिथं बसवत नाही. साडेचारला उठते, चहा घेऊन वर जाते.

पहिलं काम झाडणं, मग ओल्या फडक्यानं फरशी पुसणं. धूळ ओल्या रंगावर बसते हे एक कारण. पण फरशी पुसेपर्यंत शाळा, गॅसचा नंबर, आईच्या गोळ्या सगळं मागं पडतं, म्हणून हे काम मी कुणाला देत नाही. चित्रकार नसरीन मोहम्मदींच्या खोलीचे फोटो बघितल्यावर मला फार बरं वाटलं होतं. जवळजवळ रिकामी खोली, जमिनीवर बसून काम करायचं बैठं टेबल, आणि काही नाही.

मग बसते. कॅनव्हास भिंतीला टेकवलेला, मी समोर पाटावर. अर्धा तास, कधी पाऊण तास फक्त बघते. ब्रश हातात घेत नाही, कारण घेतला की हात काहीतरी करतोच. काल जिथं सोडलं तिथून रंग कुठं सरकलाय, कुठं जड झालाय, डोळा आधी कुठं जातो आणि कुठं अडतो, एवढंच बघायचं. लोकांना वाटतं चित्रकार सुचण्याची वाट बघत बसतो. मी वाट बघत नसते, कालचं चित्र वाचत असते. ओला रंग आणि सुकलेला रंग एकसारखा दिसत नाही. अॅक्रिलिक, म्हणजे मी वापरते तो पाण्यात मिसळायचा रंग, सुकलं की थोडं गडद होतं. म्हणून काल बरोबर वाटलेलं आज बरोबर असेलच असं नाही.

बाजूला एक वही असते. तिच्यात चित्रं नसतात, रंगांची नावं असतात. "कळण्याच्या भाकरीच्या कडेचा राखाडी." "केळीच्या खोडाचा आतला ओला पांढरा, हवा लागायच्या आधीचा." "वाघूर धरणाच्या पाण्यावरचा, पाऊस पलीकडच्या काठावर आहे तेव्हाचा." केळीच्या त्या पांढऱ्यावर मी तीन चित्रं केली आहेत. हवा लागली की तो तपकिरी पडतो, चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पांढऱ्यातून तपकिरीकडे जायला लागणारा तो वेळ मला चित्रात हवा होता. केळं काढायचं नव्हतं, खोड काढायचं नव्हतं. मामींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हां, डाग समजला.

प्रत्यक्ष रंगकाम दिवसाला तासभर होतं, कधी दहाच मिनिटं. पहिला थर कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवून देते, पिवळी माती आणि थोडा अंबर (मातीचा तपकिरी रंग), पाण्यासारखा पातळ. मग उभा करून पुढचे थर. ब्रश कमी, पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) आणि रोलर जास्त, आणि जुन्या सुती लुगड्याचे तुकडे. लुगड्यानं टिपून घेतलेला रंग लावलेल्या रंगापेक्षा मला जास्त खरा वाटतो. एका चित्रावर पंधरा-वीस थर होतात. प्रत्येक थराची तारीख कॅनव्हासच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिते. वर्षाकाठी सात-आठ चित्रं होतात, त्यातली दोन-तीन ठेवण्यासारखी.

आता एक गोष्ट, जी मी आजवर कुठं लिहिली नाही. माझी आई सारवायची ते मी लहानपणी ओट्यावर बसून बघायची. शेणाचा काला, त्यात थोडी पांढरी माती. उजव्या हाताची चार बोटं जुळवून ती एक कमान ओढायची, मग तिच्यावर थोडी चढवून दुसरी, मग तिसरी. माशाच्या खवल्यांसारखी ओळ व्हायची. आतल्या भिंतीपासून सुरुवात करून मागं मागं सरकत दारापर्यंत यायचं, म्हणजे सारवलेल्यावर पाय पडत नाही. उंबऱ्याशी शेवटची कमान ओढली की हात उचलायचा आणि बाहेर पाय ठेवायचा. मग कितीही वाटलं, मधे एक जागा सुटली आहे, तरी आत जाता येत नाही. सुकेपर्यंत नाही. मी जे शिकले ते तिथं शिकले. कला महाविद्यालयात मला रंग शिकवले, त्याचं ऋण आहेच. पण हात कुठं उचलायचा हे आईच्या पाठीकडे बघून कळलं.

माझ्या सगळ्या सवयी त्या एका गोष्टीसाठी आहेत.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

ताई, सकाळी वाचलं, संध्याकाळी परत वाचलं. मी निवृत्त गार्ड. चित्रातलं कळत नाही, पण दिल्लीला मुलाकडे गेलो की नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एक चक्कर होते. तिथं वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर बाकावर बसलो होतो. पहिल्यांदा वाटलं, पिवळा रंग आहे, झालं. पाच मिनिटांनी त्यात काहीतरी खालून वर यायला लागलं. रात्रपाळीला समोरचा सिग्नल धुक्यातून हळूहळू उजळतो ना, तसं. मी उठलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल तुम्हाला माहीत असेल तर लिहा.

वाघूरकाठ, जळगाव

काका, सिग्नलचं लिहिलंत ते फार अचूक आहे.

गायतोंडे जन्मले नागपुरात, 1924 साली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 मध्ये पदविका घेतली. सुरुवातीला आकृत्या काढायचे, युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराचा प्रभाव होता, मग हळूहळू आकृती गळून गेली. 1964 मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, 1971 मध्ये पद्मश्री, पुढे दिल्लीत निजामुद्दीनला राहिले. आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते पुसलं असा अर्थ निघतो. वस्तूपासून सुरुवातच नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या चित्रांना मात्र मी अमूर्तच म्हणते, कारण माझ्याकडे केळीचं खोड आधी असतं.

पद्धत म्हणाल तर रोलर आणि पॅलेट नाइफ. कागदाचे फाडलेले-कापलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून, दाबून, उचलून घ्यायचे. रंग चढवायचा तसा उतरवायचाही. तुम्हाला खालून वर येताना दिसलं ते त्यामुळे. खालचा थर खरोखर खाली आहे आणि वरचा जिथं उचललाय तिथून तो प्रकाश सोडतो. वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करायचे. बाकी वेळ विचारात, शांत बसण्यात. झेनचा आणि रमण महर्षींचा त्यांच्यावर परिणाम होता. 1984 च्या अपघातानंतर मोठं काम बरीच वर्षं थांबलं, तेव्हा कागदावर शाईनं लहान रेखाटनं केली. 2001 मध्ये गेले. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

त्या पाच-सहा आकड्याचा मला फार आधार वाटतो. नोकरी करून सात-आठ चित्रं होतात म्हणून मी आधी खंतावायची. आता नाही.

जिभाऊ, धुळे

ताई, राग मानू नका, मनातलं विचारतो. चित्र बघितल्यावर काहीतरी दिसलं पाहिजे असं मला वाटतं. माणूस, झाड, बैल, काहीतरी. नाहीतर बघणाऱ्यानं धरायचं काय? आणि माझी चार वर्षांची नात भिंतीवर रंगवते ते आणि हे, यात फरक कसा सांगायचा?

वाघूरकाठ, जळगाव

जिभाऊ, राग कसला. माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं.

तुमच्या अंगावर घोंगडी आहे असं समजा. तिच्यात बैल नाही, झाड नाही. काळा, करडा, काठाला पांढरी रेघ. तरी चांगली घोंगडी आणि वाईट घोंगडी तुम्हाला हाताला आणि डोळ्याला लगेच कळते. कानबाईच्या गाण्यातला एकही शब्द ऐकू न येता, लांबून नुसता सूर आला तरी पोटात काहीतरी होतं. धरायचं ते तसंच. रंगाचं वजन, दोन रंगांमधली जागा, कडेची घाई किंवा संथपणा.

आणि नातीचं म्हणाल तर तिचं चित्र उत्तम असणार. लहान मुलं कागदाला घाबरत नाहीत, मी शाळेत रोज बघते. फरक हाताच्या जोरात नाही, थांबण्यात आहे. तिच्यासमोर तोच कागद अजून तासभर ठेवा. ती रंगवत राहील, शेवटी सगळा कागद मातकट होईल, आणि तिला त्याचं काही वाटणार नाही. तिला रंगवण्यात आनंद आहे, चित्रात नाही, आणि त्या वयाला तेच योग्य. मी मात्र त्या कागदाला जबाबदार आहे.

जिभाऊ, धुळे

घोंगडीचं पटलं. बाकीचा विचार करतो.

गिरणा पंपिंग, चाळीसगाव

चाळीसगावचं नाव काढल्याशिवाय हा धागा पुढं जाऊ नये. केकी मूस अमूर्त चित्रकार नव्हते, ते छायाचित्रकार, चित्रकार. जन्म 1912, गेले 1989. पण सवयींचा विषय निघालाय म्हणून सांगतो. स्टेशनाजवळच्या त्या दगडी घरातून जवळपास पन्नास वर्षं ते क्वचितच बाहेर पडले. सगळं काम घरात. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून असे फोटो काढायचे की डोंगर आहे की टेबल आहे कळू नये. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात त्याला. सतारही वाजवायचे. ते घर आता संग्रहालय म्हणून जपलंय. खान्देशातल्या किती जणांनी ते बघितलंय हा प्रश्नच आहे.

मला विचारायचंय ते असं की एवढं एकटेपण लागतं का? माझा मुलगा चित्र काढतो आणि घरात कुणाशी बोलत नाही.

वाघूरकाठ, जळगाव

मूस यांचं घर मी दोनदा बघितलं आहे. त्या फोटोंत उजेड कसा कडेनं आलाय ते बघत मी इतका वेळ उभी राहिले की तिथल्या माणसानं खुर्ची आणून दिली.

मुलाबद्दल मी न बघता काही बोलणं बरोबर नाही. स्वतःपुरतं सांगते. मला दोन तास लागतात, पण ते अखंड. त्यात फोन नाही, बेल नाही. उरलेले बावीस तास मला माणसं हवी असतात. शाळेतली पोरं, भाजीवाल्या मावशी, आई. अॅग्नेस मार्टिन नावाच्या मोठ्या चित्रकर्त्री होऊन गेल्या. 1967 मध्ये त्यांनी भर यशात न्यूयॉर्क सोडलं, काही वर्षं चित्रच काढलं नाही, मग न्यू मेक्सिकोच्या ओसाड भागात एकट्या राहून पुन्हा सुरुवात केली. सहा फूट बाय सहा फूट कॅनव्हास, त्यावर पेन्सिलीच्या रेघा आणि अगदी फिका रंग. चित्र आधी मनात दिसेपर्यंत बसून राहायच्या, मग कागदावर लहान मापात आकडेमोड करून ते मोठ्या कॅनव्हासवर न्यायच्या. जमलं नाही ते फाडून टाकायच्या. त्यांना ते एकटेपण लागत होतं. मला ते झेपणार नाही आणि त्यामुळे माझं चित्र कमअस्सल होतं असं मला वाटत नाही. मुलाला एक खोली आणि ठरलेली वेळ द्या, आणि ती वेळ संपली की जेवायला सोबत बसवा. एवढं तर करून बघता येईल.

तोरणमाळ, नंदुरबार

मॅडम, मी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, आता जी. डी. आर्टची तयारी करतोय. दोन प्रश्न. अमूर्तच करायचं असेल तर वस्तुचित्रण, स्मरणचित्र यात वर्षं का घालवायची? आणि दुसरं, अॅक्रिलिक इतकं लवकर सुकतं की मिसळताच येत नाही. तेलरंग परवडत नाहीत.

वाघूरकाठ, जळगाव

पहिल्याचं उत्तर. एलिमेंटरीला तू तांब्या आणि भांडं काढलंस, तेव्हा तांब्या आणि भांड्याच्या मधली रिकामी जागा किती तिरकी आहे हे बघूनच ते जमलं असणार. ती मधली जागा म्हणजेच पुढं तुझं अमूर्त. मोंड्रियान या डच चित्रकाराचे चौकोन प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या आधी त्यानं 1908 ते 1912 या काळात झाडं काढली. फांद्या हळूहळू नुसत्या रेघा होत गेल्या. ती चित्रं ओळीनं लावून बघ. सय्यद हैदर रझांचा बिंदू सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी मास्तरांनी त्यांना भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे लक्ष लावून बसवलं होतं. पण त्या बिंदूपर्यंत यायला त्यांना निसर्गचित्रांची बरीच वर्षं लागली. घाई करू नकोस.

दुसऱ्याचं जरा सविस्तर, कारण हा आपल्या हवेचा प्रश्न आहे आणि पुस्तकात तो सापडत नाही.

अॅक्रिलिकमधलं पाणी उडून गेलं की उरलेले प्लास्टिकचे कण एकमेकांना चिकटतात आणि थर कायमचा होतो, मग तो पाण्यानं सुटत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो आणि हवा कोरडी, त्यामुळे पातळ थर काही मिनिटांत आवळतो. म्हणून पहाटे काम कर. कुलर समोरून बंद ठेव, वाऱ्यानं अजून लवकर सुकतं. कुलर शेजारच्या खोलीत लावून दार अर्धं उघडं ठेवलं तर ओलावा येतो, वारा येत नाही. कॅनव्हास मागच्या बाजूनं ओल्या फडक्यानं हलका दमट कर. रंग थाळीत काढतोस तिच्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाडांना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली जवळ ठेव. बाजारात रिटार्डर, म्हणजे रंगाचं सुकणं लांबवणारं द्रव्य, मिळतं, पण ते जास्त घातलं की थर चिकट राहतो आणि आपल्याकडची सगळी धूळ त्यावर येऊन बसते. मी ते जवळपास सोडून दिलं आहे.

आणि लवकर सुकणं हा दोषच आहे असं मानू नकोस. तासाभरात चार थर देता येतात. तेलरंगात ते महिन्याचं काम. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो. खालच्या थरापेक्षा वरच्या थरात तेल कमी पडलं तर वरचा आधी आवळतो आणि भेगा पडतात. तुला मिसळण हवं असेल तर रंग ओल्यात मिसळण्याऐवजी पातळ थर एकावर एक चढवून बघ. पिवळ्यावर पातळ निळा सुकवलास तर येणारा हिरवा थाळीत केलेल्या हिरव्यापेक्षा खोल असतो.

केळीबाग, रावेर

ताई, आमची मुलगी नववीला आहे. तुमचं केळीच्या चिकाचं वाचून दाखवलं तर तिनं शेतातली काळी माती आणली, वाटली, फेविकॉलमध्ये कालवली आणि कॅनव्हासवर बोटभर जाड लावली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे भेगा आणि पोपडे. रडायला लागली. मातीचा रंग होत नाही का?

वाघूरकाठ, जळगाव

होतो! तिला आधी सांगा की तिनं चूक काही केलेली नाही, तिनं आपलं शेत केलं. एप्रिलमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच कारण. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. कॅनव्हासवर तेच झालं.

तिनं असं करावं. माती उन्हात खडखडीत वाळवून कुटायची, मैद्याच्या चाळणीनं चाळायची. मग बादलीभर पाण्यात ढवळून मिनिटभर थांबायचं, खडे-रेती तळाला बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि रात्रभर निवू द्यायचं. सकाळी वरचं पाणी काढून टाकलं की तळाशी लोण्यासारखा गाळ राहील. तो रंग. त्यात बांधणी (म्हणजे तिचं फेविकॉल) थोडी जास्त आणि खडूची भुकटी घालून अगदी पातळ हात द्यायचा, एक सुकला की दुसरा. आणि कॅनव्हास नको, तो हलतो. हार्डबोर्ड किंवा प्लायचा तुकडा घ्या. जाडच हवं असेल तर तिला आधी गिलाव्याचं शास्त्र शिकावं लागेल.

फर्दापूर टी जंक्शन

गिलाव्याचं मी सांगतो, माझा रोजचा रस्ता आहे तो. अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतीवर जो मातीचा गिलावा आहे त्यात भाताचं तूस, गवताचे आणि झाडांचे तंतू आणि रेती घातलेली आहे. तंतू मातीला धरून ठेवतात, रेती आकसणं कमी करते. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर चित्र. लाल आणि पिवळा मातीचा, हिरवाही खनिजाचा, काळा काजळीचा. निळा तेवढा लांबून आलेला, लाजवर्द दगडाचा. जंगलात दडलेली ही लेणी 1819 मध्ये इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला पडली, त्याआधी शेकडो वर्षं तो गिलावा वाघळांच्या संगतीत टिकून होता. मुलीला घेऊन या, छताकडे बघायला सांगा. सगळे पद्मपाणीच्या प्रसिद्ध भित्तिचित्रापुढं उभे राहतात, छताकडे फार कमी जणांची मान वर जाते.

वाघूरकाठ, जळगाव

छताचं सांगितलंत, बरं झालं. आमच्या वाघूर नदीचंच खोरं ते, जळगावपासून साठेक किलोमीटर. पावसाळ्यात शाळेची सहल नेते तेव्हा मी पोरांना पाठीवर झोपायला सांगू शकत नाही, पण मान दुखेपर्यंत वर बघायला लावते. चौकोनात चौकोन, त्यात वेल, फळ, हंस, आणि मधे मधे नुसता आकार. तिथं चित्रकाराला गोष्ट सांगायची नव्हती.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

ताई, चित्र संपलं हे कसं कळतं ते राहिलंच. सारवणाचं लिहिलंत, पण चित्राला उंबरा कुठं असतो?

वाघूरकाठ, जळगाव

काका, याच प्रश्नाशी मी रोज असते, म्हणून जरा थांबून लिहिते.

उंबरा नसतो, तो घालून घ्यावा लागतो. चित्र झालंसं वाटलं की मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवते. पंधरा दिवस बघत नाही. मागची पेन्सिलीची तारीख तेवढी दिसते. पंधरा दिवसांनी पहाटे, दिवा न लावता, नुसत्या खिडकीच्या उजेडात वळवते. त्या उजेडात रंग कळत नाही, फक्त हलकं-जड कळतं. सलग तीन सकाळी डोळा एकाच जागी आधी गेला, तर तिथं काहीतरी ओरडतंय. ते गप्प करायचं. डोळा रोज वेगळीकडून आत शिरला तर हात लावायचा नाही.

हे शिकायला मला एक चित्र घालवावं लागलं. चार फूट बाय तीन फूट, पाऊस येण्याआधीच्या संध्याकाळचा राखाडी. अठरा थर. जमलं होतं, मला ठाऊक होतं. तरी उजव्या खालच्या कोपऱ्यात थोडंसं रितं वाटलं म्हणून केशरी रंगाचा एक हात ओढला, नाइफनं, वीतभर. क्षणात सगळा राखाडी मागं गेला आणि ती केशरी पट्टी पुढं येऊन उभी राहिली. पुसायला फडकं घेईपर्यंत ती सुकली होती. मे महिना होता. पॉलिश पेपरनं घासली तर खालचे तीन थर उघडे पडले. त्यावर राखाडी चढवला तर तो दुसराच राखाडी झाला. ते चित्र माझ्याकडे आहे, कुणाला दाखवत नाही. पण नवं चित्र संपत आलं की मी ते बाहेर काढून समोर ठेवते.

दुसरी हानी माझ्या हातची नव्हती. एका शहरात प्रदर्शनाला तीन कॅनव्हास पाठवले होते. आयोजकांनी परत पाठवताना फ्रेमवरून उतरवून, रंगाची बाजू आत घेऊन घट्ट गुंडाळले आणि मे महिन्यात टेम्पोत टाकले. अॅक्रिलिक गरमीनं मऊ होतं, रंगाला रंग चिकटला. इथं उघडताना दुधावरची साय फाटावी तसा आवाज आला आणि एकाचा थर दुसऱ्यावर निघून आला. तिन्ही गेली. पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. तोरणमाळ, तू हे लक्षात ठेव. गुंडाळायचंच झालं तर जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर, मधे बटर पेपर, आणि उन्हाळ्यात पाठवायचंच नाही.

तोरणमाळ, नंदुरबार

मॅडम, लिहून ठेवलं. फवाऱ्याची बाटली आणली. पिवळ्यावर निळा आज करून बघितला. थाळीतला हिरवा आता बघवत नाही.

जिभाऊ, धुळे

काल मळ्यात होतो. घरची खळ्याचा कोपरा सारवत होती. पन्नास वर्षं बघतोय, पण काल पहिल्यांदा बोटांकडे बघितलं. कमान डावीकडून उजवीकडे जाते आणि शेवटी बोटं जरा सुटतात, तिथं रेघा वेगळ्या होतात. तुम्ही ते लिहिलं नाही ताई.

वाघूरकाठ, जळगाव

नाही लिहिलं, जिभाऊ. माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. आई आता सारवत नाही, घरात फरशी आहे. आत्ता तिला विचारलं तर तिनं ओट्यावर कोरड्या हातानं कमान ओढून दाखवली. बोटं सुटतात. करंगळी आधी.

केळीबाग, रावेर

ताई, मुलीनं प्लायच्या तुकड्यावर सांगितलं तसं केलं. पाच हात दिले. भेगा नाहीत, फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात केसासारखी एक चीर आहे. तिला ती बुजवायची आहे, मी म्हटलं आधी ताईंना विचारू.

वाघूरकाठ, जळगाव

आज काहीच करू नका. तुकडा भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगा, मागं आजची तारीख पेन्सिलीनं. पंधरा दिवसांनी सकाळी दिवा न लावता तिनं एकटीनं बघावं, आणि काय करायचं ते तिनंच ठरवावं. बुजवलं तरी चालेल. गाळ थोडा शिल्लक ठेवा, झाकून, वर दोन बोटं पाणी.